इसार देण्याआधी आपला माणूस जागेवर न्या

बुलढाणा जिल्ह्यात घर, फ्लॅट किंवा प्लॉट घ्यायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला कळकळीची विनंती आहे. जागेची मोजणी आणि घराची तपासणी होईपर्यंत इसार देऊ नका. घर तपासणारा इंजिनीअर तुम्ही शोधलेला आणि त्याची फी तुम्ही भरलेली असली पाहिजे. तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, दलालाने आणलेला नको. बँकेने पाठवलेल्या माणसावर भिस्त ठेवून तर अजिबात बसू नका.

हे आत्ताच सांगायला हवे. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून तो जातो आणि त्याच्या आसपासच्या वावरांकडे आता प्लॉट म्हणून पाहिले जाते. शेगावात भाविकांच्या ओढीने फ्लॅटला गिऱ्हाईक आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा या शहरांच्या कडेने लेआऊट पडत आहेत. अशा वेळी विकणाऱ्याला घाई असते आणि ती तो घेणाऱ्याच्या गळ्यात घालतो. ‘आजच टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय,’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. मग पाडव्याचा किंवा आखाजीचा मुहूर्त साधायचा म्हणून पाचशेच्या स्टॅम्पवर इसारचिठ्ठी होते, आयुष्यभर साठवलेल्या पैशातले दोन-चार लाख हातचे जातात, आणि तपासणीचा विचार त्यानंतर सुचतो. तेव्हा इंजिनीअरने भिंतीतली भेग दाखवली तरी माणूस मागे फिरत नाही. दिलेले पैसे बुडतील या धास्तीने तो स्वतःचीच समजूत घालू लागतो. म्हणून सारा जोर ‘आधी’ या शब्दावर आहे.

सातबारा पाहिला, इंडेक्स टू काढला, टॅक्सची पावती पाहिली की आपल्याला वाटते सगळे तपासून झाले. कागद पाहायलाच हवेत, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यायलाच हवा. पण कागदावर क्षेत्र असते, पाया नसतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवला जातो. ती जागा खरोखर तेवढी आहे का आणि घर उभे राहण्याजोगे आहे का, हे तिथे कोणी तपासत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळला नसता असा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. साधी काळजी घेतली असती तर जो दोष दिसला असता, तो तुमच्या पदरात पडतो. 2016 च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे विकासकाला जबाबदार धरले आहे, पण ते प्रकल्पाच्या विकासकाला. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांचे पंधरा वर्षांचे घर तुम्ही घेतलेत, तर तिथे रेरा येत नाही. तिथे तुमची तपासणी हाच तुमचा कायदा.

आता मातीकडे या, कारण आपल्या जिल्ह्यात घरे बिघडतात ती बहुतेक मातीपासून. बेसाल्टच्या खडकातून झालेली ही काळी, भारी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तीच माती आपल्या घराखाली आहे. पाया मुरमापर्यंत न नेता वरच्या वर काळ्या मातीत उभा केला, की घराच्या कडेची माती उन्हाळ्यात सुकून बसते, मधली ओलीच राहते, आणि भिंती तडकतात. पावसाळ्यात कडेची माती पुन्हा फुगते. वर्षानुवर्षे हे वरखाली होत राहते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी खाली फुगीर बुंध्याचे खांब-पाये विकसित केले. साध्या घराला तेवढे केले नाही तरी काळी माती काढून मुरमावर पाया घेणे, भक्कम प्लिंथ बीम टाकणे, घराभोवती फरसबंदी करून छताचे आणि न्हाणीचे पाणी पायापासून लांब काढून देणे, एवढे तरी हवेच. हे केले आहे की नाही ते रंगवलेल्या भिंतीकडे बघून कळत नाही. जाणकाराला कळते.

जाणकार काय करतो ते पाहा, म्हणजे माणूस कसा निवडायचा तेही समजेल. तो हॉलमध्ये बसून चहा घेत टाइल्सचे कौतुक करत नाही. तो सरळ खिडकीच्या कोपऱ्याशी जातो. कोपऱ्यातून वर तिरकी गेलेली बारीक रेघ दिसली की बाहेर जाऊन तीच रेघ त्याच जागी भिंतीच्या दुसऱ्या अंगाला आहे का ते पाहतो. दोन्हीकडे असेल तर भेग नुसत्या प्लास्टरची नाही, भिंतीची आहे. भेग खाली बारीक आणि वर रुंद असेल तर कोपरा खचतोय असा संशय तो घेतो. भेगेच्या आत रंग गेला आहे का, की कालपरवा पुट्टी भरून वरून हात मारला आहे, ते तो नखाने खरवडून पाहतो. मग दार लावून पाहतो. वरच्या कोपऱ्यात अडकणारे दार बरेच काही सांगते. खोलीच्या चारही कोपऱ्यांत लेव्हल पाइप धरतो, भिंतीला ओळंबा लावतो. संशय राहिलाच तर भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन टोके प्लास्टरने पक्की करतो आणि तारीख लिहितो. काही आठवड्यांत काच तडकली तर भेग जिवंत आहे, घर अजून हलते आहे. यासाठी विकणाऱ्याकडून थोडा अवधी मागून घ्यावा लागतो. घर खणखणीत असेल तर तो अवधी द्यायला कोणाचीही हरकत नसते.

काळ्या मातीतले घर दिवाळीच्या सुमारास सगळ्यात देखणे दिसते. माती ओली असते, भेगा मिटलेल्या असतात, रंग नवा असतो. तेव्हा घर पाहत असाल तर शेजाऱ्यांना उन्हाळ्याचे विचारा. उन्हाळ्यात पाहत असाल तर पावसाचे विचारा: पाणी कुठून येते, कुठवर चढते, किती तास साचते.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा भागातल्या खारपाणपट्ट्यात, मातीच्या जोडीला पाण्याचाही प्रश्न आहे. बांधकामाला आणि भिंती भिजवायला बोअरचे खारे पाणी वापरले असेल तर भिंतीला लोणा लागतो, प्लास्टर पोपडे धरते. हे डोळ्यांना दिसते तरी. मीठ सळईपर्यंत पोचले असेल तर सळई आतून गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. कॉलमच्या तळाशी, गच्चीच्या कठड्याखाली, न्हाणीच्या स्लॅबखाली तांबूस डाग किंवा उभी भेग दिसली तर तिथे थांबायलाच हवे. बांधकामाला पाणी कुठले वापरले, हा प्रश्न या पट्ट्यात काम केलेल्या इंजिनीअरच्या तोंडी पहिल्या पाच मिनिटांत येतो. बाहेरगावच्या माणसाला तो सुचेलच असे नाही.

याच भागात जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीने घरादारांत पाणी शिरले होते. नदीनाल्याजवळची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे का, हे नगर परिषदेत किंवा पाटबंधारे विभागात विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नांदुऱ्याकडे जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आपला गट येतो का, हेही पाहून घ्या. लोणारला वेगळीच गोष्ट आहे. दैत्यसूदन मंदिरासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. तिथला स्वस्त प्लॉट कशामुळे स्वस्त आहे, हे मोजणीशिवाय समजणार नाही.

मोजणीबद्दल तर सविस्तर बोलायलाच हवे. वऱ्हाडात धुऱ्याचे भांडण दोन पिढ्या चालते, पण वावराचा धुरा फूटभर सरकला तर पिकाचे एक तास जाते. घराच्या प्लॉटची हद्द फूटभर सरकली तर भिंत पाडावी लागते. पूर्वी साखळीने मोजत. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. आज भूमी अभिलेख विभागाचे भूकरमापक रोव्हर घेऊन येतात, उपग्रहांच्या आधाराने बिंदू घेतात. साधन बदलले, पण कायदेशीर हद्द ठरते ती आजही अभिलेखातल्या नकाशावरून. विकणाऱ्याने दाखवलेल्या तारेच्या कुंपणावरून ती ठरत नाही.

हद्द कायम मोजणीसाठी अर्ज जागेचा धारकच करू शकतो, घेणारा नाही. म्हणून विकणाऱ्याला स्पष्ट सांगा: तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात तुम्ही अर्ज करा, शुल्क मी भरतो. लगतधारकांना नोटीस जाते, ठरल्या दिवशी भूकरमापक जागेवर येतो, खुणा करून देतो, आणि नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. त्या दिवशी कामावर सुट्टी टाका, पण स्वतः हजर राहा. प्रत्येक कोपऱ्यावरच्या खुणेचा फोटो घ्या, तिथे लोखंडी गज किंवा दगड रोवून घ्या. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, कारण त्याला पटले नाही तर तो निमताना मोजणी मागू शकतो, आणि तो वाद तुम्ही राहायला आल्यावर उपटण्यापेक्षा आधी उपटलेला बरा. विकणारा मोजणीला टाळाटाळ करत असेल, ‘आमच्याकडे कधी मोजणी लागलीच नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या भलेपणावर शंका न घेताही एवढे म्हणता येते की ही जागा सध्या घेऊ नये.

मोजणी कार्यालयांवर कामाचा ताण आहे, तारीख लवकर मिळत नाही. त्यासाठी परवानाधारक खासगी भूमापकांकडून मोजणी करवून भूमी अभिलेख विभागाने ती प्रमाणित करायची, असे धोरण सरकारने 2025 मध्ये जाहीर केले. त्यामुळे यापुढे भूमापक निवडण्याची जबाबदारी सामान्य माणसावर येणार आहे, आणि फसवणुकीची एक नवी वाटही उघडणार आहे. एखाद्याने ट्रायपॉड उभा करून छापील नकाशा हातात दिला म्हणून ती मोजणी होत नाही. परवाना पाहा, त्याची प्रत मागा, आणि नकाशावर विभागाचे प्रमाणन आहे की नाही ते कार्यालयात जाऊन विचारा. प्रमाणन नसेल तर तो कागद हद्दीच्या वादात उपयोगी पडेल अशी आशा धरू नका.

एक गोष्ट तुम्ही स्वतःही करू शकता. तीस बाय चाळीसचा प्लॉट गुण्यात असेल तर त्याचे दोन्ही कर्ण बरोबर पन्नास फूट भरतात. टेप घ्या, घरातल्या कोणाला तरी सोबत न्या आणि कर्ण मोजा. एक 49 आणि दुसरा 51 आला तर चारही बाजू बरोबर असूनही प्लॉट तिरका आहे, आणि बांधकामाला सोडायची जागा सोडल्यावर नकाशातले घर त्यात बसणार नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा: टेपने प्लॉटचा आकार कळतो, त्याची जागा कळत नाही.

सगळ्यात जास्त गोरगरीब माणूस फसतो तो सामायिक सातबाऱ्यात. एका गटात पंधरा-वीस जणांची नावे, प्रत्येकाच्या नावापुढे एक-दोन गुंठे, आणि नकाशात कोणाचाच तुकडा वेगळा दाखवलेला नाही. जागेवर चुन्याच्या रेघा मारून ‘हा तुमचा’ म्हणून दाखवतात. तो तुमचा आहे असे कोणताही भूकरमापक सांगू शकत नाही, कारण पोटहिस्साच पडलेला नसतो. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा, गुंठेवारी नियमित करण्याचा 2001 चा; दोन्हींत वेळोवेळी सवलती आल्या आहेत. पण सवलत मिळू शकते आणि सवलत मिळाली आहे, यात घर बांधण्याएवढे अंतर आहे. गुंठेवारीचे प्रमाणपत्र किंवा बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन हातात असेल तरच पुढे जा. रेखांकनाची प्रत दलालाकडून न घेता मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून घ्या. तुम्हाला दाखवलेला प्लॉट त्या नकाशात खुली जागा किंवा रस्ता म्हणून तर नाही ना, हे तुमच्या इंजिनीअरला शेजारी उभे करून पाहा. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून घर विकतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नाही.

बँकेच्या माणसाबद्दल थोडे. कर्ज देताना बँक मूल्यांकक पाठवते, त्याची फी बहुधा आपल्याच खात्यातून जाते, आणि आपण निर्धास्त होतो. तो पाहतो ते बँकेसाठी: कर्ज बुडाले तर ही मालमत्ता विकून वसूल होईल का. पायाची खोली, सळईचा गंज, सेप्टिक टँकची गळती हा त्याच्या कामाचा भागच नाही. इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्याने स्वतःचा सर्वेअर नेमण्याची पद्धत रूढ आहे, तरी तिथेही लोक हीच चूक करतात. नॉर्विच शहरातल्या एका बाईने कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकन अहवालावर विसंबून घर घेतले. अहवालात दुरुस्तीची गरज नाही असे होते. घरातली धुराड्याची खालची बांधणी आधीच्या कोणीतरी काढून टाकली होती आणि वरचे विटांचे ओझे आधाराविना राहिले होते. दीडेक वर्षाने ते छत फोडून खोलीत कोसळले. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या बाईंच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर वर्षे गेली होती. आपल्याकडे तेवढी वाट पाहण्याचे बळ किती जणांत आहे?

मग माणूस निवडायचा कसा? वास्तुविशारदाला 1972 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक विचारा. सिव्हिल इंजिनीअरसाठी देशभर लागू असलेली तशी सक्तीची नोंदणी नाही, म्हणून पाटी वाचून विश्वास ठेवू नका. पदवी किंवा पदविका पाहा, नगर परिषदेचा परवाना आहे का विचारा, आणि जुन्या किंवा दुमजली घरासाठी स्ट्रक्चरल कामाचा अनुभव असलेलाच घ्या. त्याने तुमच्या भागात केलेली, निदान पाच पावसाळे काढलेली दोन घरे दाखवायला सांगा आणि त्या घरातल्या लोकांशी, शक्यतो घरच्या बाईशी बोला. ओल कुठे येते ते तिला ठाऊक असते. विकणाऱ्याशी, बिल्डरशी, दलालाशी त्याचे काही देणेघेणे आहे का, हे तोंडावर विचारा. संकोच करू नका. फी कामावर ठरवा, घराच्या किमतीच्या टक्क्यांवर नको, आणि सौदा झाला तरच फी हे तर मुळीच नको. सौदा मोडण्याचा सल्ला देण्याची मोकळीक त्याला असली पाहिजे. अहवाल लेखी, फोटोंसह, सही-शिक्का आणि तारखेसह मागा. ‘घर बरं आहे, घ्या’ एवढे तोंडी सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. काय पाहता आले नाही, हेही ज्याच्या अहवालात लिहिलेले असेल, तो माणूस भरवशाचा समजा.

खर्चाचे म्हणाल, तर साधा हिशेब करा. चौरस फुटाला हजार रुपये भाव धरला आणि चाळीस फूट बाजूला फक्त एक फूट कमी निघाला, तरी चाळीस हजार रुपये मातीत जातात. पाया दुरुस्त करायचा झाला तर आकडा लाखात जातो. इंजिनीअरची फी आणि मोजणीचे शुल्क त्यापुढे काहीच नाही. तरीही एकट्याला झेपत नसेल, तर एकाच लेआऊटमध्ये जागा पाहणाऱ्या चार-पाच कुटुंबांनी मिळून इंजिनीअर न्यावा.

पतसंस्थांना, शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सोसायट्यांना विनंती आहे: गृहकर्जाच्या अर्जासोबत ‘क’ प्रत आणि तपासणी अहवाल मागायला सुरुवात करा. वकील मंडळींनी शोध अहवाल देताना पक्षकाराला मोजणी झाली का हे विचारावे. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांच्या स्थापत्य विभागांनी आठवड्यातला एक दिवस घर घेणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला, तर खेड्यातल्या माणसाला विचारायला एक जागा होईल.

आणि ज्यांचा सौदा या आठवड्यात ठरायचा आहे, त्यांनी आजच विकणाऱ्याला फोन करून मोजणीचा अर्ज केला आहे का ते विचारावे. केला नसेल तर मुहूर्त पुढे ढकलावा. इसार दिलाच असेल आणि खरेदीखत व्हायचे असेल, तरी वेळ गेलेली नाही: पुढचा हप्ता देण्याआधी ‘मोजणीत क्षेत्र कमी आल्यास किंमत त्या प्रमाणात कमी होईल आणि तपासणीत बांधकामाचा मोठा दोष निघाल्यास इसार परत मिळेल’ असे कलम वकिलाकडून लिहून घ्या, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि मगच पुढची रक्कम चेकने द्या.